पहिल्या गडफेरीची पिशवी

गेल्या नाताळच्या सुटींत आमचा एक विद्यार्थी आईवडिलांबरोबर काश्मिरांत गुलमर्ग येथें जाऊन आला. बर्फावरून धांवणारी एक मोटारसायकल तेथें भाड्यानें मिळते. तिला चाकें नसतात. पुढें दोन घसरपट्ट्या व मागें रबरी पट्टा असतो. त्या गाडीवरच्या स्वारीचें वर्णन वर्गांत ऐकवितांना त्याचा स्वर इतका चढला कीं, शेजारच्या वर्गांतील मुलें खिडकीशीं येऊन उभीं राहिलीं. वर्णन संपल्यावर आम्हीं त्यास विचारलें, “गाडी बंद पडून वादळ सुटलें असतें तर तुझ्याजवळ काय होतें?” तो थबकला. अंगांत भाड्याचा कोट, पायांत भाड्याचे बूट आणि खिशांत मोबाईल, एवढेंच त्याच्याजवळ होतें. मग क्षणभर विचार करून त्यानेंच आम्हांस उलट विचारलें, “आणि गुरुजी, पुढच्या महिन्यांत जीवधनवर जातांना आपल्याजवळ काय असणार?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर आम्हांस चटकन् देतां आलें नाहीं. म्हणून सहलीच्या आदल्या दिवशीं सर्व मुलांमुलींस आम्हीं भरलेल्या पिशव्या घेऊन शाळेच्या ओसरीवर बोलाविलें व प्रत्येकाची पिशवी जाजमावर ओतावयास सांगितली. काय काय निघालें म्हणून सांगावें! वेफरचीं पाकिटें, अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटल्या, काळे चष्मे, मोबाईलचे चार्जर (जणूं जीवधनच्या कातळांत विजेचें बटण बसविलेलें आहे), गाणीं वाजविण्याचा एक डबा, पत्त्यांचे दोन जोड, आणि एका मातोश्रींनीं मोठ्या मायेनें घातलेली उशी. पाण्याची बाटली बहुतेकांजवळ होती, पण ती अर्ध्या लिटरची. बॅटरी अगदीं थोड्यांजवळ निघाली, व त्यांतल्याही दोन पेटल्या नाहींत. शिट्टी कोणाजवळ आहे काय, असें विचारतांच सारीं मुलें हंसलीं.

आमच्या मुलांस डोंगर कांहीं परका नाहीं. जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांची पश्चिमेची बाजू म्हणजे सह्याद्रीची ऐन धार आहे. शिवनेरी तर जुन्नरच्या माथ्यावरच उभा आहे. पलीकडे हडसर, चावंड, जीवधन; घाटघराजवळ सातवाहनांच्या काळचा नाणेघाट; दक्षिणेस ढाकोबा व दुर्ग; आणि तेथून धारेधारेनें आहुपें व भीमाशंकरचें अरण्य. परंतु ही ओळखच घातक ठरते, असें आमचें मत आहे. मूल पाचव्या इयत्तेंत शिवनेरीस जातें, बांधीव पायऱ्यांनीं चढतें, शिवजन्माचें स्थान पाहतें आणि दुपारच्या आंत खालीं येऊन भेळ खातें. पुढें त्यास वाटूं लागतें कीं गड म्हणून जो असतो तो असाच असतो. जीवधन तसा नाहीं. तेथें वाट रानांतून जाते, पायऱ्या जागोजागीं तुटलेल्या आहेत आणि कातळाचा एक टप्पा हातापायांनीं चढावा लागतो. १८१८ सालीं गड घेतल्यावर इंग्रजांनीं या भागांतल्या गडांच्या पायऱ्या सुरुंगानें उडविल्या असें सांगतात. त्या वेळीं त्यांस मराठ्यांची वाट बंद करावयाची होती. आज ती आमच्या सहावीसातवीच्या मुलांस अडते.

पिशवीसंबंधीं आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, ती कार्यक्रमांत नसलेल्या रात्रीसाठीं भरावी. कार्यक्रमपत्रिकेंत असतें तें सगळें, चहा, न्याहारी, दुपारचें भोजन, पांच वाजतां परत, त्याची काळजी घेण्यास शिक्षक, मोटारवाला व आचारी असतात. पत्रिकेंत नसते ती रात्र मात्र ज्याची त्यानें काढावयाची असते. आणि ती पिशवी ज्याची त्यानें स्वतः भरावी व ज्याची त्यानें आपल्या पाठीवर वाहावी. हा शेवटचा मुद्दा आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. तो कसा शिकलों तें सांगणें जरा लाजिरवाणें आहे, तरी सांगतों.

बारा वर्षांपूर्वीं, आम्ही दुसऱ्या एका शाळेंत असतांना, सप्टेंबर महिन्यांत मुलांस घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलों होतों. गड नगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दींत असला तरी आमच्याकडील लोक तो जुन्नर तालुक्यांतील खिरेश्वराहून तोलार खिंडीनें चढतात. खिंडीच्या वर चढ संपला कीं टेंकाडांमागून टेंकाडें लागतात, एकासारखें दुसरें. उघडिपींत ती वाट सुरेख आहे. आम्ही देऊळ पाहून परत फिरलों तों दुपारीं तीनच्या सुमारास कोंकणाकडून धुकें वर आलें, आणि दहा हातांवरचें माणूस दिसेनासें झालें. पुढची तुकडी खिरेश्वरच्या वाटाड्याबरोबर होती. मागच्या अकरा मुलांबरोबर आम्ही होतों. दगडांची एक रास ओलांडून पुढें गेलों, आणि अर्ध्या तासानें तीच रास पुन्हां समोर आली.

आतां आमच्या व्यवस्थेची गंमत ऐका. औषधांची पेटी एकच होती व ती चांगली भरलेली होती. दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या, त्याही नव्या सेलांच्या. प्लास्टिकचा मोठा कागद होता. हें सर्व एका मोठ्या पिशवींत व्यवस्थित बांधून आम्हीं वर्गांतल्या सर्वांत धट्ट्याकट्ट्या मुलाच्या पाठीवर दिलें होतें. धट्टाकट्टा मुलगा सर्वांच्या पुढें चालतो ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती. आम्ही त्या टेंकाडांत चकवा लागल्यासारखे फिरत होतों तेव्हां ती पिशवी, औषध, उजेड व आडोसा यांसह, खिरेश्वरच्या देवळापाशीं सुखरूप पोंचली होती.

अंधार पडला. पाऊस बारीक होता, वारा मात्र मोठा होता. मोबाईलांना वर खूण दिसत नव्हती, आणि उजेडासाठीं ते पेटवून धरल्यामुळें साडेआठांच्या आंत सगळे विझले. आम्ही एका कातळाच्या आडोशास मुलांस दाटीनें बसविलें. त्यांतले दोघे भिजलेल्या जीनच्या विजारींत होते. प्रथम ते कुडकुडले. मग एकाचें बोलणें जडावलें, नांव विचारलें तर तो उशिरानें उत्तर देऊं लागला, आणि बोटांनीं त्यास स्वेटरचें बटण लावतां येईना. थंडीचें हें रूप आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें. बर्फांत माणूस गारठून मरतो हें भूगोलाच्या तासाला आम्ही शिकवीत आलों होतों. पुणें जिल्ह्याच्या वेशीवर, सप्टेंबर महिन्यांत, पंधरासोळा अंशांच्या हवेंत तोच प्रकार होऊं शकतो हें त्या रात्रीं कळलें. ओलें कापड अंगाची ऊब कोरड्या कापडापेक्षां कितीतरी वेगानें ओढून घेतें. शरीराची उष्णता ३५ अंशांखालीं उतरली कीं बुद्धीच मंदावते, आणि ज्यास मदत हवी तोच ‘मला कांहीं झालें नाहीं’ म्हणूं लागतो.

ओरडून ओरडून आमचे घसे बसले होते. तेव्हां एका मुलानें, आम्हीं न सांगतां, आपला जेवणाचा स्टीलचा डबा काढला व त्याच्या झाकणावर दगडानें ठणठण वाजवावयास सुरुवात केली. दहाच्या पुढें केव्हांतरी त्या आवाजाच्या रोखानें खिरेश्वरचा तो वाटाड्या बॅटरी घेऊन परत वर आला. म्हणाला, “डबा वाजिवला म्हनून बरं झालं, गुरुजी. धुक्यात मान्साची हाक कुनीकडून येती त्ये कळत न्हाई.” त्यानें पहिल्यानें काय केलें असेल तर त्या दोघांच्या ओल्या विजारी उतरविल्या, दुसऱ्या मुलांचे कोरडे सदरे त्यांस गुंडाळले आणि आपली घोंगडी दोघांवर मिळून टाकली. कमरेच्या पडशींतून गूळ काढून हातावर ठेवला. तासाभरानें मुलें बोलूं लागलीं. पहांटे दोन वाजतां आम्ही गांवांत पोंचलों. दोष त्या शाळेचा नव्हता, वाटाड्याचा तर नव्हताच; तो आमचा होता.

ज्या देशांत हिमाचेच डोंगर आहेत तेथील लोक हा धडा फार पूर्वीं शिकले. ज्या बर्फगाडीच्या वर्णनानें आम्हीं आरंभ केला, तिच्या जन्माची कथाच तशी आहे. क्यानडा देशांतील क्वेबेक प्रांतांत जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नांवाचे एक यंत्रकुशल गृहस्थ होते. १९३४ च्या जानेवारींत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्यानें आजारी पडला. रस्ते बर्फाखालीं बुजले होते. रुग्णालयापर्यंत नेण्यास वाहन चालेना, आणि मूल गेलें. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग ते पूर्वींपासून करीतच होते. १९३७ सालीं त्यांनीं आपल्या पट्ट्याच्या गाडीचें पेटंट घेतलें आणि १९५९ सालीं एकदोघांनीं बसावयाची लहान गाडी बाजारांत आणली. मदत येत नाहीं म्हणून जन्मलेली ती गाडी आतां मौजेसाठीं डोंगरांतल्या आडरानांत नेली जाते, म्हणजे जेथें मदत येत नाहीं तेथेंच.

मात्र तेथें जाणारे जाणते लोक तीन वस्तूंवांचून निघत नाहींत: संदेश देणारें एक लहान यंत्र, बर्फांत खुपसून माणूस चांचपण्याची लांब सळई, आणि फावडें. हिमाचा कडा कोसळून सोबती त्याखालीं गाडला गेला तर पहिल्या दहापंधरा मिनिटांत त्यास उकरून काढावें लागतें. पुढें आशा भराभर मावळते. तेवढ्यांत सरकारी मदत येणें शक्य नाहीं. म्हणून फावडें घ्यावयाचें तें स्वतःसाठीं नव्हे, शेजाऱ्यासाठीं. आणि दुसरें असें कीं, यंत्र कपड्यांच्या आंत अंगावर बांधावयाचें व सळई आणि फावडें पाठीवरच्या पिशवींत ठेवावयाचें. गाडीच्या पेटींत कांहीं ठेवावयाचें नाहीं, कारण गाडी घसरून दरींत गेली कीं पेटी तिच्याबरोबर जाते. खिरेश्वरच्या देवळापाशीं सुखरूप पोंचलेल्या आमच्या पिशवीची आम्हांस येथें आठवण होते. बर्फांत काय आणि धुक्यांत काय, जें अंगावर आहे तेंच आपलें.

तर पिशवींत काय असावें? आमच्याकडे हिम नाहीं, म्हणून सळई व फावडें नको. आमच्याकडे पाऊस, वारा, धुकें, ऊन आणि अंधार आहे.

अंधाराचा विचार प्रथम करावा, कारण तो रोज ठरल्या वेळीं येतो आणि तरीही मुलांस नेहमीं अकस्मात् गांठतो. डिसेंबरांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रानांत त्याच्याही आधीं काळोख पडतो. प्रत्येक मुलाजवळ स्वतःची बॅटरी पाहिजे. कपाळावर बांधावयाची असली तर उत्तम, म्हणजे कातळ उतरतांना दोन्ही हात मोकळे राहतात. जास्तीचे सेल निराळ्या प्लास्टिकच्या पिशवींत घ्यावे. मोबाईलचा उजेड हा उजेड समजूं नये. तो फोन बंद करून कोरडा ठेवावा. बोलावयाची वेळ आली तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठीं १०८ हे अंक लावण्यापुरती शक्ति त्यांत उरली पाहिजे. परदेशी पुस्तकें उपग्रहाशीं बोलणारा फोन घ्या म्हणून सांगतात. आपल्या देशांत सरकारी परवान्यावांचून तो बाळगणें गुन्हा आहे, हें हौशी पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

बॅटरीचा आणखी एक उपयोग आहे. आमच्या भागांत नाग, मण्यार, घोणस व फुरसें हीं चारही विषारी जनावरें आहेत; फुरसें तर दगडधोंड्यांचें रहिवासी. रात्रीं पाय कोठें पडतो तें दिसलें पाहिजे. दंश झालाच तर दोरी आवळूं नये, चीर देऊं नये, चोखूं नये. तो अवयव कांठीस बांधून स्थिर ठेवावा, मुलास चालवूं नये आणि उचलून रुग्णालयांत न्यावें. उतारा तेथें आहे, मांत्रिकाजवळ नाहीं. बिबट्याबद्दल जुन्नरच्या माणसास आम्हीं काय सांगावें? एकटें चालूं नये, लहान मुलास मागें ठेवूं नये, अंधारांत उजेड धरून बोलत चालावें, एवढें पुरे.

उजेडानंतर ऊब. येथें आमचा पालकांशीं खरा मतभेद आहे. पालक मुलास जाड सुती कपडे घालून पाठवितात व निश्चिंत होतात. जाड सूत कोरडें असेपर्यंत चांगलें. भिजलें कीं तें शत्रू होतें, आणि जीन तर सर्वांत वाईट. भिजून जड होते व दिवसभर वाळत नाहीं. लोकरीची गोष्ट वेगळी आहे. ती ओली झाली तरी कांहीं ऊब राखते. घाटघर, अंजनावळें, आहुपें या बाजूचा महादेव कोळी गुराखी पावसांत डोंगरावर दिवस काढतो तो काय घेऊन, तें पाहा. डोक्यावरून खोळ केलेली घोंगडी किंवा बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें, हातांत कांठी, कमरेस कोयता, फडक्यांत भाकरी व मिरची, आणि कोरडी राखलेली काडेपेटी. घोंगडीस चिंचोक्यांची खळ दिलेली असते, त्यामुळें ती ताठ राहते व पावसाचें पाणी तींत लवकर मुरत नाहीं. कांठीनें तो निसरडें चांचपतो, जनावर हांकतो आणि उतरतांना गुडघ्यांचा भार तिजवर टाकतो. कोणत्याही दुकानदारानें शिकविल्यावांचून त्यानें उजेड सोडून बाकी सगळें बरोबर घेतलें आहे! आणि आमचीं मुलें त्याच्या घोंगडीस हंसतात.

मुलांनीं घोंगडीच न्यावी असा आमचा आग्रह नाहीं. ती जड असते. लोकरीचा एक स्वेटर, एक जोड कोरडे कपडे व मोजे प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून घ्यावे, आणि ते मुक्कामीं किंवा संकटांतच काढावे. चालतांना भिजलें म्हणून लगेच बदलूं नयेत, नाहींतर दोन्ही जोड ओले होतात. वरून पाऊसवारा अडविणारें कांहीं तरी हवें. चांगला रेनकोट महाग पडतो हें आम्ही जाणतों. भातलावणी करणाऱ्या बायाबापड्या खताची रिकामी गोणी धुवून तिची खोळ करतात, तीही चालेल. वाऱ्यांत ती शेकडों रुपयांच्या छत्रीपेक्षां उपयोगी आहे. ज्या पालकांस सहलीचा खर्च ऐकून धडकी भरते त्यांस आम्ही मुद्दाम सांगतों: या यादींतील बहुतेक वस्तु घरांत आहेत. विकत घ्यावयाच्या त्या दोनच, बॅटरी आणि शिट्टी. बुटांविषयीं मात्र काटकसर करूं नये, व नवे बूट पहिल्यानें गडावर घालूं नयेत. आधीं पंधरा दिवस शाळेंत घालून यावें.

शिट्टीस मुलें हंसलीं म्हणून तिजविषयीं दोन शब्द अधिक. माणसाचा घसा तासाभरांत बसतो. शिट्टी रात्रभर वाजते आणि दमलेल्या मुलासही वाजवितां येते. आल्प्स पर्वतांत १८९४ पासून एक संकेत चालत आला आहे: एका मिनिटांत सहा वेळां खूण करावयाची, एक मिनिट थांबावयाचें, पुन्हां सहा. ऐकणारानें मिनिटांत तीन वेळां उत्तर द्यावयाचें. रात्रीं बॅटरीनेंही हाच संकेत करतां येतो. आम्हीं हा शाळेच्या मैदानावर मुलांकडून करवून घेतला. दोन दिवस शेजाऱ्यांचीं डोकीं उठलीं, त्याबद्दल त्यांची येथें क्षमा मागतों. शिट्टी पिशवींत नव्हे, गळ्यांत असावी.

पाणी माणशीं दोन लिटर तरी पाहिजे, उन्हाळ्यांत तीन. गडावर टांकीं आहेत म्हणून रिकाम्या हातानें जाऊं नये; फाल्गुनानंतर कित्येक आटतात आणि उरतात त्यांचें पाणी उकळल्यावांचून किंवा औषधाची गोळी टाकल्यावांचून प्यावयाचें नसतें. खाण्यांत दशमी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर असें, चुलीवांचून खातां येईल तें असावें, व त्यांतलें मूठभर शेवटपर्यंत शिल्लक ठेवावें. जलसंजीवनीच्या दोन पुड्या, जखमेची पट्टी, मुरगळलेल्या घोट्यास बांधावयाचें लवचिक बँडेज, आणि ज्यास दमा आहे त्याचा पंप. हा पंप शिक्षकाजवळ देऊन ठेवण्याची पद्धत आम्ही मोडली आहे. शिक्षक नेमका दुसऱ्या तुकडीबरोबर असतो. काडेपेटी मोठ्या मुलांनींच घ्यावी, घट्ट झांकणाच्या डबींत. जाळ गरजेलाच करावा. माघ-फाल्गुनांत गवत वाळलेलें असतें आणि हौसेनें पेटविलेल्या काडीनें अख्खा डोंगर जळतो.

काय नेऊं नये तेंही सांगणें प्राप्त आहे. अत्तराच्या बाटल्या व गाण्याचा डबा घरीं ठेवावा. कड्यांना आग्या मोहोळें लोंबत असतात. उग्र वास, धूर व गोंगाट यांनीं माशा उठतात. शिवनेरीवर आलेल्या लोकांस माशांनीं फोडून काढल्याच्या बातम्या आमच्या वाचकांनीं वाचल्या असतीलच. तसेंच दोर. पुष्कळ पालक उत्साहानें पहिल्यानें दोरच आणून देतात. ज्यास गांठ मारतां येत नाहीं व ज्यानें कातळावर दोर कधीं लावला नाहीं त्याच्या हातीं तो अधिक धोक्याचा, कारण दोर आहे म्हणून तो नको तेथें उतरूं पाहतो. जेथें दोरावांचून जातां येत नाहीं तेथें पहिल्या सहलीस जाऊंच नये.

इतकें सर्व पिशवींत भरलें तरी पिशवीची एक मर्यादा आहे आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेंच्या आसपास माणसें गाडलीं गेलीं. तीं माणसें डोंगर जाणणारींच होतीं व आपापल्या घरांत होतीं. अशा वेळीं बॅटरी, शिट्टी, घोंगडी कांहीं कामाचें नाहीं. म्हणून मुसळधार पाऊस लागून राहिला असतां सहल नेऊं नये, निघाली असली तर वाटेंतून परत फिरावी, आणि मोटारीचे पैसे गेले तर जाऊं द्यावे. विजा चमकूं लागल्या तर माथ्यावर थांबूं नये. परत फिरणाऱ्या शिक्षकास मुलें दोन दिवस भित्रा म्हणतील. आम्हांस म्हटलें आहे.

माळीणच्या दुःखानंतर कित्येक पालक आमच्याकडे येऊन म्हणाले, मुलांस डोंगरावर नेऊंच नका. त्यांची भीति आम्ही समजूं शकतों, पण त्यांचें मत आम्हांस पटत नाहीं. शाळा नेणार नाहीं तर सोळासतराव्या वर्षीं हींच मुलें चौघे मित्र मिळून, दुचाकीवर बसून, पावसाळ्यांत नाणेघाटांत जातील. तेव्हां त्यांस पिशवी ओतावयास सांगणारा कोणी नसेल. अडकलेल्यांस काढण्यासाठीं लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ सारखीं मंडळें स्वतःचा कामधंदा टाकून धांवतात, गांवचे तरुण धांवतात. परंतु त्यांनाही निरोप पोंचावयास व वर चढावयास तास लागतात. तो मधला वेळ मुलाचा व त्याच्या सोबत्याचा असतो. तो कसा काढावा हें बाराव्या वर्षीं, शिक्षक जवळ असतांना शिकलेलें बरें.

आणि एक विनंति मातापित्यांस. पिशवी तुम्ही भरूं नका. आईनें भरलेल्या पिशवींत बॅटरी कोणत्या कप्प्यांत आहे हें आईस ठाऊक असतें, मुलास नसतें. अंधारांत त्यास ती शोधावी लागते. मुलाकडून भरवा, मग दिवा मालवून त्यास म्हणा, बॅटरी काढ, स्वेटर काढ. त्याच्या खिशांत नांव, घरचा फोन, रक्तगट व आजार लिहिलेला कागद प्लास्टिकांत घालून ठेवा, आणि तो कोणत्या वाटेनें जाणार व किती वाजतां परतणार हें शाळेकडून लिहून मागून घ्या. न दिलें तर आम्हांस दोष द्या.

पुढील गडफेरी दिवाळीच्या सुटीनंतर चावंडास न्यावयाचें ठरत आहे. खालच्या गांवांतील माहीतगार माणूस दिवसाचें पुरें मोल देऊन बरोबर घेतला जाईल, व पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही तुकड्यांस एकेक. निघण्यापूर्वीं चार दिवस पिशव्या पुन्हां ओसरीवर ओतल्या जातील. ज्याच्याजवळ बॅटरी किंवा शिट्टी नसेल त्यास ती शाळेच्या कपाटांतून उसनी मिळेल. कोणी त्याबद्दल संकोच धरूं नये. उशी आणल्यास ती मात्र ठेवून घेतली जाईल. ज्यांच्या घरीं माळ्यावर आजोबांची घोंगडी पडून असेल त्यांनीं ती आतांच काढून, झटकून, ऊन दाखवून ठेवावी. आम्हांस चारपांच हव्या आहेत.